शब्द, गोंगाट आणि सरकारचे कान

गाण्यातील शब्द ऐकण्यासाठी असतात, की चालीला टेकू देण्यासाठी, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. ख्यालाच्या रसिकाला बंदिशीतले शब्द नीट उमगले नाहीत तरी त्याचे काही अडत नाही. कीर्तनाच्या श्रोत्याला मात्र एक अक्षर निसटले तरी चुकचुकल्यासारखे होते. आम्ही या दोन्ही मांडवांत बसत आलेली माणसे. आमच्या बेळगावच्या अंगणातल्याच सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी पुढे देवासच्या माळव्यात राहून कबीराची निर्गुणी भजने गायिली, तेव्हा तेथे शब्द स्वरांच्या खांद्यावर बसला आहे की स्वर शब्दाच्या, याचा निवाडा कोणी करावा? तो करण्याची गरजही कोणाला भासली नाही.

पाश्चात्त्यांच्या रॉक, मेटल आणि पंक या संगीतप्रकारांविषयी मात्र आमच्या समवयस्कांनी हा वाद घालण्याची तसदीच घेतलेली नाही. ‘गोंगाट’ या एका शब्दात त्याची बोळवण झालेली आहे. त्या गोंगाटात काही राजकीय आशय असतो, तो कधी कधी राज्यकर्त्यांची झोप उडवतो, असे कोणी सांगितले की आमचे मित्र भुवया उंचावतात. अभंगात विद्रोह असू शकतो, पोवाड्यात तर असतोच. पण जेथे शब्दच कळत नाहीत तेथे आशय कोठला, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. सवाल बिनतोड आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी थोडे झगडावेसे वाटते.

गोंगाटाविषयी आमचे मन तितकेसे कलुषित नाही, याला एक कारण आहे. आमची तीस वर्षे उद्यमबागेतील एका फाउंड्रीच्या हिशेबखात्यात गेली. पलीकडे भट्टी, अलीकडे आमच्या खतावण्या, आणि मध्ये एक पत्र्याची भिंत. कास्टिंगवरची वाळू झाडणाऱ्या यंत्राचा खडखडाट, ग्राइंडरची किंकाळी, ट्रॉलीची घरघर यांतून आम्ही बेरजा केल्या. अशा आवाजालाही एक लय असते आणि यंत्र बिघडले की ती आधी कानाला कळते, हे तेथल्या कोणत्याही कामगाराने सांगितले असते. पुढे आमच्या धाकट्या भाच्याने कानांवर हेडफोन चढवून ‘ब्लॅक सॅबथ’ या मंडळींचे गाणे लावले आणि बजावले, “मामा, शब्द मागनं बघा. आधी आवाज ऐका की.” आवाज आमच्या ओळखीचा निघाला. तो पत्र्याच्या भिंतीपलीकडचाच होता.

ही केवळ आमची कल्पना नव्हे. ब्लॅक सॅबथचे चौघेही इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या अ‍ॅस्टन भागातले, कामगार वस्तीतली पोरे. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरी सोडण्याच्या शेवटच्या दिवशीच, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचे काम नेमके त्याच हाताचे. त्याने प्लॅस्टिकच्या बाटलीचे तुकडे वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून खालच्या सुरात लावल्या. ज्या जड, दबलेल्या, खर्जातल्या आवाजावर पुढे ‘हेवी मेटल’चा सारा डोलारा उभा राहिला, त्याच्या मुळाशी एका कामगाराची तुटलेली बोटे आहेत. या संगीतात राजकारण कोठे आहे असे विचारणाऱ्याने ही दोन बोटे आधी ध्यानात घ्यावीत, एवढेच आमचे म्हणणे आहे. शब्द नंतरचे.

शब्दही आहेतच. १९७० सालच्या त्यांच्या ‘वॉर पिग्ज’ या गाण्यात युद्ध पुकारणारे सेनानी आणि पुढारी सुरक्षित राहतात व गरिबांची पोरे मरायला पाठवली जातात, ही तक्रार अगदी उघड्या शब्दांत मांडलेली आहे. तेव्हा व्हिएतनामचे युद्ध चालू होते. चेटकिणींचा मेळा, सैतान वगैरे सामग्री त्यात आहे, आणि तिच्यामुळे सोवळे लोक बिथरले. पण ती सामग्री भारुडातल्या सोंगासारखी आहे. सोंग पाहून पळून जाणाऱ्याला भारूड कळत नाही. जुलै २०२५ मध्ये या मंडळींनी त्याच अ‍ॅस्टनमधील व्हिला पार्क मैदानावर शेवटचा कार्यक्रम केला आणि त्यानंतर सतराच दिवसांनी त्यांचा गायक ऑझी ऑसबर्न वारला. कारखान्याच्या पोराला शेवटी आपल्याच गल्लीत निरोप घेता आला, हे आम्हांस फार आवडले.

आता बिनतोड सवालाकडे वळू. शब्द स्पष्ट असले म्हणजे आशय पोहोचतो, हे गृहीतच मुळात तपासून पाहायला हवे. अमेरिकेतील ब्रूस स्प्रिंग्स्टीन याचे १९८४ मधील ‘बॉर्न इन द यू. एस. ए.’ हे गाणे घ्या. व्हिएतनामहून परतलेला एक सैनिक; गावी नोकरी नाही, सरकारी दफ्तरात दाद नाही, पुढे वाट नाही, अशी ती कहाणी आहे. शब्द सोपे, उच्चार खणखणीत. पण ध्रुपद असे की ते ऐकून मूठ आपोआप वर जावी. लोकांनी ध्रुपद उचलले आणि कडवी टाकून दिली. त्या वर्षी निवडणूक होती. सप्टेंबर महिन्यात न्यू जर्सीतील हॅमंटन येथील सभेत राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी या गायकाच्या गाण्यांतील आशेच्या संदेशाचा गौरव केला! गाऱ्हाण्याला गौरवगीताची शाल पांघरण्याचे असे दुसरे उदाहरण विरळाच. स्प्रिंग्स्टीनने हेच गाणे त्याआधी १९८२ मध्ये एकट्याने, साध्या गिटारीवर ध्वनिमुद्रित केले होते. ते १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते ऐकताना मूठ वळत नाही. मान खाली जाते. शब्द तेच, केवळ वाद्यमेळ बदलला.

इंग्लंडात याच्या उलट तऱ्हा झाली. ‘द क्लॅश’ या पंक मंडळींचे १९७७ मधील पहिलेच गाणे ‘व्हाइट रायट’. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या नॉटिंग हिल उत्सवात कृष्णवर्णीय तरुणांची पोलिसांशी झटापट झाली होती. गोऱ्या गरीब पोरांनीही असेच अन्यायाविरुद्ध उठावे, असा गायक जो स्ट्रमर याचा रोख होता. वर्णद्वेष्ट्या टोळ्यांनी त्यातला ‘गोरा’ हा एक शब्द उचलला आणि गाणे आपलेच मानले. आता यात कवीने काय करावे? क्लॅशने केले ते असे की, ३० एप्रिल १९७८ रोजी पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वर्णद्वेषविरोधी मेळाव्यात, लाखाच्या आसपास पोचलेल्या गर्दीसमोर, तेच गाणे गायिले. गाण्याचा अर्थ शब्दांनी निश्चित केला नाही. ते कोणत्या मैदानात आणि कोणाच्या शेजारी उभे राहून गायिले, त्यावरून तो ठरला.

त्या मेळाव्यामागची चळवळ कशी उभी राहिली, हेही सांगण्याजोगे आहे. १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका कार्यक्रमात एरिक क्लॅप्टन या थोर गिटारवादकाने परदेशी माणसांविरुद्ध व्यासपीठावरून गरळ ओकली. गंमत अशी की दोनच वर्षांपूर्वी जमैकाच्या बॉब मार्लेचे गाणे गाऊन याच गृहस्थाने अमेरिकेत अव्वल क्रमांक मिळवला होता. संतापलेल्या काही लोकांनी संगीताच्या नियतकालिकांना पत्र लिहिले, आणि त्या पत्रातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ उभे राहिले. वाचकांच्या पत्रव्यवहाराला हसणाऱ्या संपादकांनी याची नोंद घ्यावी.

सेक्स पिस्टल्स या दुसऱ्या पंक मंडळींविषयी आम्ही फार लिहीत नाही. राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवात, १९७७ मध्ये, त्यांनी राष्ट्रगीताचेच नाव घेऊन राणीची टर उडवली, बीबीसीने ते वाजवले नाही, आणि तरीही ते विक्रीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. खळबळ मोठी झाली. पण शिवीला धार असली तरी तिला खोली असतेच असे नाही, असे आमचे मत आहे.

ज्या प्रकरणासाठी आम्ही लेखणी हाती घेतली ते प्रागचे. २०-२१ ऑगस्ट १९६८ च्या रात्री सोवियत रशियाचे आणि मित्रराष्ट्रांचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले. त्यानंतर काही आठवड्यांतच मिलान ह्लावसा या सतरा वर्षांच्या पोराने मित्र गोळा करून ‘प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ नावाचा संगीतमेळा काढला. नाव अमेरिकेच्या फ्रँक झापाच्या गाण्यावरून उचललेले, चालींवर न्यूयॉर्कच्या व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा ठसा. रणगाड्यांविरुद्ध गाणी रचावीत असे त्यांच्या मनातही नव्हते. त्यांना मोठ्या आवाजात वाजवायचे होते, केस वाढवायचे होते, एवढेच.

पुढे ज्याला सरकारने ‘सामान्यीकरण’ असे गोंडस नाव दिले तो काळ आला. वाजवण्यासाठी परवाना, परवान्यासाठी परीक्षा, परीक्षेत गाण्यांची यादी, पोशाख, केस हे सारे तपासायचे. १९७० मध्ये या मेळ्याचा व्यावसायिक परवाना गेला. सरकारी मालकीची वाद्येही गेली. तेव्हा त्यांचा कलाविषयक मार्गदर्शक इव्हान यिरोउस, जो शिक्षणाने कलेतिहासकार होता, त्याने एक नामी युक्ती काढली. कलावंतांच्या संघटनेचा सभासद या नात्याने तो अँडी वॉरहॉल या चित्रकारावर सचित्र व्याख्यान जाहीर करी, आणि विषयाचे ‘प्रात्यक्षिक’ म्हणून मेळा तासन्‌तास वाजवी. बंदीच्या काळात आख्यान लावून त्यात नको ते घुसवणारे आपल्याकडचे कीर्तनकार यिरोउसला भेटले असते तर दोघांचे छान जमले असते.

आधी ही मंडळी इंग्रजीत गात. पॉल विल्सन हा कॅनडाचा तरुण प्रागमध्ये इंग्रजी शिकवायला आलेला. तो त्यांच्यात गायला लागला, आणि आपल्याच भाषेत गा असे त्यानेच त्यांना सुचवले. परक्याने येऊन मातृभाषेची आठवण करून द्यावी, हा योग आम्हां सीमेवरच्या माणसांना विशेष जाणवतो. १९७२ नंतर मेळा चेक भाषेत गाऊ लागला. शब्द घेतले एगॉन बाँडी या कवीचे. बाँडीची पुस्तके छापली जात नसत. टंकलिखित प्रती हातोहात फिरत. आणि त्या कविता कशाविषयी? एक तर चक्क बद्धकोष्ठाविषयी आहे! क्रांतीची हाक नाही, झेंडा नाही, पक्षाचे नाव नाही. कंटाळा, पोटाचे विकार, दारू, रात्र यांचाच तेथे संसार.

एवढ्या निरुपद्रवी शब्दांवर सरकारने काय केले ते पाहा. मार्च १९७४ मध्ये चेस्के बुद्येयोविट्सेजवळ त्यांचे वादन ऐकायला जमलेल्या शेकडो तरुणांना पोलिसांनी बडवून काढले. फेब्रुवारी १९७६ मध्ये यिरोउसच्या लग्नाचे निमित्त करून एका खेड्यात जलसा झाला, आणि पुढच्याच महिन्यात धरपकड सुरू झाली. सप्टेंबरमध्ये प्रागच्या न्यायालयात खटला चालला. आरोप राजद्रोहाचा नव्हता. सार्वजनिक शांततेच्या भंगाचा होता, आणि पुरावा म्हणून पुढे केले गेले गाण्यांतले असभ्य शब्द. यिरोउसला अठरा महिने, दुसऱ्या एका मेळ्यातील झाईचेकला बारा, सॅक्सोफोनवादक ब्राबेनेत्सला आठ आणि गाणारे धर्मोपदेशक कारासेक यांनाही आठ महिने कैद झाली.

खटला ऐकायला नाटककार व्हाक्लाव्ह हावेल हजर होते. खटल्याच्या काही काळ आधी खांद्यापर्यंत केस वाढवलेला यिरोउस त्यांना भेटला होता आणि त्याने खरखरत्या टेपरेकॉर्डरवर त्यांना ही गाणी ऐकवली होती. नाटककाराच्या कानाला त्या खरखरीत काहीतरी खरे ऐकू आले. राजकारणी माणसाला तुरुंगात टाकणे हा सत्तेच्या खेळातला डाव समजता येतो. पण ज्यांना केवळ आपल्या परीने जगायचे आहे त्यांना पकडणे हा जगण्यावरच घाला आहे, हे त्यांनी ओळखले. पुढे १९७८ च्या निबंधात त्यांनी रॉक वाजवण्याचे स्वातंत्र्य आणि तत्त्वचिंतनाचे स्वातंत्र्य ही एकाच पंगतीत मांडली. या खटल्याच्या निमित्ताने एरवी एकमेकांकडे न पाहणारी माणसे एकत्र आली, आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘चार्टर ७७’ हे मानवी हक्कांचे निवेदन सुमारे २४० सह्यांनिशी प्रसिद्ध झाले. हावेल, माजी परराष्ट्रमंत्री हायेक आणि तत्त्वज्ञ यान पातोच्का हे तिघे त्याचे प्रवक्ते. पातोच्कांची दीर्घ चौकशी झाली आणि १३ मार्च १९७७ रोजी, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी प्राण सोडला. हयातभर तत्त्वज्ञानात बुडालेला हा वृद्ध आचार्य ज्या वाटेने मृत्यूकडे गेला, त्या वाटेच्या आरंभी लांब केसांच्या पोरांचा गोंगाट आहे, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

मग या गाण्यांत राजकीय आशय होता की नव्हता? शब्दांत शोधाल तर जवळजवळ नाहीच. सरकारला तो ऐकू आला. ज्या राज्यात साऱ्यांनी एकाच सुरात गायचे ठरलेले असते, तेथे पोटदुखीची खाजगी कविता मोठ्याने म्हणणे हीच आगळीक ठरते. सरकारचे कान आपल्यापेक्षा तिखट होते असे म्हणावे, तर त्या कानांनीच त्या शब्दांना नसलेला अर्थ बहाल केला हेही खरे. त्या काळात, १९७७ मध्ये, सत्ताधारी कशाकशाला भितात याची लांबलचक यादी देणारी एक संहिताही या मेळ्याने सादर केली. ती धीट आहे. पण बाँडीच्या पोटदुखीपुढे आम्हांस ती फिकी वाटते. यादी वाचली की संपते.

अशा तिखट कानांचा एक घरगुती अनुभव सांगतो. आमच्या याच भाच्याने महाविद्यालयात असताना चार मित्रांचा बँड काढला होता. स्नेहसंमेलनात ते मराठीत रॉक वाजवणार होते. कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीने गाण्यांचे शब्द आधी लिहून मागितले. पोरांनी दिले. कागद परत आला तेव्हा एका गाण्यातील एक शब्द लाल शाईने खोडलेला होता. शब्द होता ‘सीमा’. गाणे प्रेमाचे होते आणि सीमा हे मुलीचे नाव होते! पोरांनी जाऊन विनवले. समितीचे म्हणणे असे की, तुम्हांला माहीत आहे, आम्हांला माहीत आहे, पण समोर बसलेल्यांना काय माहीत? पोरांनी वाद वाढवला नाही. प्रयोगाच्या वेळी त्या शब्दापाशी भाचा थांबला आणि ढोलाचा एक ठोका तेवढा वाजला. पुढच्या फेरीत तो थांबला तेव्हा सभागृहाच्या मागल्या बाजूने कोणीतरी ते नाव ओरडले. तिसऱ्या फेरीला अर्धे सभागृह ओरडत होते. ती मुले काय समजून ओरडत होती, मुलीसाठी की आणखी कशासाठी, हे आम्हांस सांगता येणार नाही. बहुधा त्यांनाही सांगता आले नसते. मात्र एका प्रेमगीताला लाल शाईने जे दिले ते कवीने दिलेले नव्हते, एवढे नक्की.

आमच्या भागात प्रेमगीत आणि सीमा यांचे नाते तसे जुने आहे. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड आमच्या पिढीला तोंडपाठ. पोटासाठी मुंबईला गेलेल्या मजुराची, गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ झालेली ती रचना. आणि ऐकता ऐकता त्या मैनेचीच गत संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारची होऊन जाते. अण्णा भाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा शब्द लोकांना कळलाच पाहिजे हा त्यांचा दंडक होता. प्रागच्या पोरांची रीत याच्या अगदी विरुद्ध. तरीही मैनेची छक्कड चळवळीच्या इतर गाण्यांहून अधिक काळ टिकली, याचे कारण तिचा अर्धा भाग केवळ विरहाचा आहे, असे आम्हांस वाटते. मागणीपत्राला विरह होत नाही.

आता प्रागचा राहिलेला हिशेब. २९ डिसेंबर १९८९ रोजी हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. १९९७ मध्ये चार्टरच्या विसाव्या वर्षी, हावेल यांच्याच सूचनेवरून, विखुरलेला मेळा पुन्हा एकत्र आला. कॅनडात देशांतर केलेला ब्राबेनेत्सही परतला. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या व्हाइट हाऊसमध्ये हावेल यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. तेथे लू रीड गायिला आणि त्याच्या साथीला ह्लावसा होता. २००१ च्या जानेवारीत ह्लावसा गेला. २०११ च्या नोव्हेंबरात यिरोउस, आणि डिसेंबरात हावेल.

आणि एगॉन बाँडी? गुप्त पोलिसांची दप्तरे उघडली तेव्हा निघाले की, ज्याच्या कविता गायल्याबद्दल पोरे बदनाम झाली तो कवी स्वतःच त्या पोलिसांना वेळोवेळी माहिती पुरवत होता. बाँडी २००७ मध्ये वारला. शब्दाची बाजू घेऊन इतके लिहिल्यावर ही गोष्ट लपवून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटेना. ती आम्ही भाच्यालाही सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने एवढेच विचारले, “मग त्याच्या कविता गायच्या थांबवल्या काय त्यांनी?”

थांबवल्या नाहीत.